शाळा गावाची की कचेरीची?

कणकवली तालुक्यातील नांदगावासारख्या गावी जाऊन कोणी पुसावे, की ग्रामदैवताच्या जत्रेचा खर्च कोण पाहतो? मानकऱ्यांपासून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत दहा जण पुढे होऊन पै-पैचा हिशेब सांगतील. मग पुसावे, शाळेत गुरुजींची जागा रिकामी असेल, तर ती कोण भरतो? उत्तर एकच मिळेल : ओरोसला विचारा.

हा दोष गावाचा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने जिल्हा परिषदेच्या शाळांस व्यवस्थापन समिती दिली. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही ठरविले. नाव व्यवस्थापनाचे, काम मात्र देखरेखीचे व शिफारशीचे! समितीने विकास आराखडा करावा, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावे. शिक्षक नेमण्याचा अधिकार तिला नाही. २६ वे कलम म्हणते, शाळेतील मंजूर जागांपैकी शेकडा १० हून अधिक जागा रिकाम्या असू नयेत. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक गेला, की शेकडा ५० रिकाम्या झाल्या. हे गणित चौथीतील मुलासही येते.

'लोक अद्याप तयार नाहीत' हे उत्तर जुनेच आहे. याच कोकणात, कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याचा पुढाकार त्यांनी स्थानिक संस्थांकडेच ठेवला होता. १९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. तयारीचा हा दाखला गावास आता कोणी द्यावयाचा?

समितीत भावकीचे तंटे शिरतील, हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. एका माडावरून तीन पिढ्या दावा चालविणारी घरे आम्हांसही ठाऊक आहेत. म्हणूनच शिक्षकाची पात्रता, वेतन व कायम नेमणूक गावाच्या हाती देऊ नये. गावच्या पुढाऱ्याच्या मर्जीवर गुरुजींची भाकरी असणे आम्हांस मुळीच मान्य नाही. परंतु रिकाम्या जागी ठरलेल्या पात्रतेचा माणूस तात्पुरता नेमणे, आणि दुरुस्तीची रक्कम वेळेवर खर्चणे, एवढे तरी समितीच्या सहीने व्हावे. शाळा मृगापूर्वी शाकारावयाची असते. मंजुरी श्रावणात आली, तर तोवर मुलांनी बसावे कोठे?