‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या की परत या?

मागच्या महिन्यात सरावलीतला माझा मावसभाऊ भर दुपारी रिक्षा करून तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. हातात सगळ्या मार्कशीट. वॉचमनने आत फोन लावला आणि त्याला परत पाठवलं.

कंपनीचा मेल होता, ‘प्लीज रिव्हर्ट विथ युवर डॉक्युमेंट्स बाय ५ पीएम’. भावाने तो भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला, ॲप म्हणालं, ‘कागदपत्रांसह परत या’. खरं तर त्यांना पाचच्या आत मेलवर पीडीएफ हवी होती.

ॲपला शिव्या घालणं सोपं आहे. पण लॅटिनमधून आलेल्या ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थच मागे फिरणं, पूर्वीच्या स्थितीत जाणं असा आहे. ‘उत्तर द्या’ हा अर्थ आपल्याकडच्या ऑफिसांत रुजला. सिंगापूर, मलेशियातही चालतो. भाषांतराची मॉडेल्स जगभरच्या मजकुरावर शिकतात आणि आजूबाजूचे शब्द बघून अंदाज बांधतात. तेव्हा ॲपचा अंदाज तसा अगदीच वेडगळ नव्हता.

आमच्या धंद्यात तर हा शब्द जास्तच डेंजर. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये बनवलेलं गिट आज बहुतेक सगळे प्रोग्रॅमर वापरतात. त्यात ‘गिट रिव्हर्ट’ ही कमांड दिली की जुन्या कमिटमधले बदल उलटवणारा एक नवा कमिट तयार होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी जर्मनीतल्या सहकाऱ्याला लिहिलं, ‘प्लीज रिव्हर्ट ऑन माय चेंजेस’. मला त्याचं मत हवं होतं. सकाळी बघतो तर माझं दोन दिवसांचं काम त्याने उलटवलेलं! बरं, ‘गिट रिव्हर्ट’ने इतिहास पुसला जात नाही, म्हणून त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करून काम परत आणलं.

मग लिहायचं काय? उत्तर हवं असेल तर ‘प्लीज रिप्लाय’. कागद हवे असतील तर ‘प्लीज ईमेल युवर डॉक्युमेंट्स’. स्वतः नंतर कळवणार असाल तर ‘आय विल गेट बॅक टू यू बाय मंडे’. ‘रिव्हर्ट बॅक’ तर नकोच, त्यात ‘परत’ दोनदा येतं. आणि ‘काइंडली रिव्हर्ट माय ॲप्लिकेशन’ लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, याला अर्ज परत हवाय की काय?

आता मेल एआयच लिहून देतो, जीमेलमध्ये ‘हेल्प मी राइट’ २०२३ मध्ये आलं. पण ‘रिव्हर्ट करायला सांग’ असं त्याला सांगितलंत तर तोही अंदाजच बांधणार. त्यापेक्षा काय हवंय ते सरळ मराठीत सांगा: ‘सोमवारपर्यंत उत्तर पाठवा असं नम्रपणे लिही.’ आणि एचआरवाल्यांनो, तुमच्या एका शब्दापायी मराठी माध्यमातल्या पोराचा अर्धा दिवस आणि रिक्षाचं भाडं जातं, तेवढं बघा.

भावाने घरी येऊन चार पन्नासला पीडीएफ पाठवली. सब्जेक्टमध्ये लिहिलं होतं, ‘रिव्हर्टिंग डॉक्युमेंट्स’. मी काही बोललो नाही.