बाबांची शुगर, माझा मोबाइल

संध्याकाळचे सात. एका मस्त रंगलेल्या इंटरव्ह्यूच्या ऐन मध्यात माझा मोबाइल किंचाळतो. २१४! स्कोअर नाही हो, नाशिकला बसलेल्या माझ्या बाबांची शुगर. ‘एक मिनिट हं’ म्हणत मी पॅसेजमध्ये.

“बाबा, काय खाल्लंत?”

“कुठे काय?”

“बाबा...”

“जिलबी. दोनच. आणि लहान होत्या गं.”

बाबा इन्सुलिनवर आहेत. गेल्या वर्षी एका पहाटे त्यांची शुगर धाडकन उतरली. घामाने चिंब, बोलणं अडखळलेलं. आईला जाग आली, तिने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. बोटं टोचून टोचून त्यांची चाळण झालीच होती, त्यामुळे मी हट्टाने दंडावर सेन्सर बसवून घेतला. नाण्यापेक्षा जराशी मोठी चकती, चौदा दिवस चालते. तिची केसासारखी तार साधारण पाच मिलिमीटर आत जाते आणि रक्तातली नव्हे, तर पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते. म्हणून आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने घसरत असेल, तर बोट टोचून खात्री करायलाच हवी.

आता पुढचा फंडा आहे मायक्रोनीडल्सचा. एक मिलिमीटरहूनही आखूड अशा सुयांचा पॅच. त्वचेचा सगळ्यात वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटरचा. तो ओलांडला की हा द्रव सापडतो, आणि सुया इतक्या उथळ राहतात की दुखणं जवळपास नाहीच. सुईच्या टोकावर एन्झाइम, साखरेशी त्याची रिअॅक्शन, त्यातून बारीकसा करंट, करंटवरून आकडा. २०१९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने अशाच पॅचने दहा निरोगी माणसांच्या शरीरातलं पेनिसिलिन मोजलं. औषधाचा डोस पुरेसा पडतोय का, हे सुई लावून कळणार! २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्वचेच्या वरच्या थरातच साखर मोजणाऱ्या बायोलिंकच्या पॅचला मान्यता दिली. पण ती इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप-टू पेशंट्ससाठी. म्हणजे आमचे बाबा बाद.

(आणि हो, त्वचेला न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन दिसतात ना? त्यांच्यावर विसंबू नका, असं याच एफडीएने २०२४ मध्ये स्पष्ट बजावलंय. स्वस्त दिसली म्हणून घरच्यांना गिफ्ट देऊ नका, प्लीज.)

हे सगळं मी उत्साहाने बाबांना सांगत होते. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन दिएगोवाल्यांचा २०२२ चा पॅच तर शुगरसोबत अल्कोहोलही मोजतो. पाच जणांनी तो लावून जेवण केलं, व्यायाम केला, वाइनही घेतली. इथे बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. “अल्कोहोल? तुझ्या दंडावर बसेल?”

मी विषय बदलला.

मागच्या रविवारी ॲपवर एकदम सिग्नल गायब. बाबा फोन उचलेनात, आई देवळात. चाळीस मिनिटं मी नाशिकची बस शोधत होते, खोटं नाही सांगत. मग आईचा फोन. बाबा फिरायला गेले होते, मोबाइल मुद्दाम फ्रिजवर ठेवून. पण सेन्सर मधली रीडिंग्ज पोटात साठवतो. ते घरी आले, मोबाइलजवळ गेले आणि माझ्या स्क्रीनवर ग्राफ भरत आला. साडेपाचला एक देखणा डोंगर.

“डायबेटिस माझा आहे की तुझा?” बाबा शांतपणे म्हणाले. “दिवसभर कुणीतरी ताटात डोकावतंय असं वाटतं गं.”

मला राग आला, मग रडू आलं. रात्री आमचा तह झाला. ७० च्या खालचा अलार्म माझ्याकडे चालू, वरचा बंद. वरचं ते आणि त्यांचे डॉक्टर बघतील. बदल्यात फिरायला जाताना मोबाइल खिशात.

शिवाय बाबांची एक जादा अट. तो अल्कोहोलवाला पॅच बाजारात आला, की पहिला माझ्या दंडावर आणि अलार्म त्यांच्या मोबाइलवर.