अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

गेल्या महिन्यात पुण्यातील नव्या घराच्या करारासाठी एजंटाच्या यंत्रावर अंगठा टेकवताना एक शब्द डोळ्यांत खुपला. त्या कागदावर मी कुठेही भाडेकरू नव्हतो. होतो तो ‘परवानाधारक’. मराठी शिकवणाऱ्याला शब्द उकरीत बसण्याची खोड असते, हे मान्य. परंतु येथे शब्दाबरोबर माणसाचे स्थानही बदलले आहे. भाडेकरूचा घरावर काही हक्क असे. परवानाधारकाला केवळ राहण्याची मुभा असते.

हा बदल अकारण झाला असे मात्र नाही. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठवली. भाडेकरू निर्धास्त झाला, पागडी बोकाळली, आणि डागडुजीलाही न पुरणाऱ्या भाड्यावर चाळींचे टेकू वाढत गेले. घरमालकांचे त्यात हाल झाले, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करावे. पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम २४नुसार मुदत सरताच परवानाधारकाने घर सोडावे; न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी. म्हणजे मालकाचे भय कायद्याने केव्हाच दूर केले आहे.

तरीही करार अकराच महिन्यांचा का? वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिने, ही जुनी पळवाट. महाराष्ट्रात ती कधीच बुजली आहे. कलम ५५प्रमाणे असा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्काचा ०.२५ टक्के हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना सारखाच आहे. अकराचा आकडा उरला आहे तो केवळ सोवळ्यासारखा.

या सोवळ्याची किंमत कोण मोजतो? नऊ वर्षांत माझे हे पाचवे घर. दर वेळी एक महिन्याचे भाडे दलालाला, शिवाय टेम्पो, हमाल. एखादे घर अकरा महिन्यांतच सोडावे लागले, की बारा महिन्यांचे भाडे मोजल्यासारखे होते. अनामत रकमेची तर गंमतच आहे. शुल्क ठरवताना सरकार तिच्यावर दहा टक्के व्याज गृहीत धरते. ते व्याज मला मात्र कधी दिसलेले नाही. मागच्या मालकांनी भिंतीतल्या चार खिळ्यांपायी रंगकामाचे पैसे त्याच अनामतीतून कापून घेतले.

पैशांचा हिशेब तरी मांडता येतो. पुस्तकांचा मांडवत नाही. पहिल्या घरातून निघालो तेव्हा बावीस खोकी होती, आता तेरा आहेत. तिसऱ्या स्थलांतरात वडिलांनी जमवलेले ‘सत्यकथे’चे अंक रद्दीत गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद, हमाल नगामागे पैसे मागत होते. तो निर्णय मी पाच मिनिटांत घेतला.

म्हणून या खेपेस तीन वर्षांचा करार मागितला. दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहा, कोणालाही सोडायचे झाल्यास एक महिन्याची सूचना ठेवा, असेही सुचवले. यात मालकांचे काय जाणार होते, मला अजून उमगलेले नाही. दर वर्षी नवा माणूस शोधण्याचा त्यांचाही त्रास वाचलाच असता. ते सज्जनपणे हसले. ‘सर, तुम्हांला काढायचं कुठे आहे? पण अकराच करू. तशी पद्धतच आहे.’

मी अंगठा टेकवला. तेरापैकी चार खोकी अद्याप उघडलेली नाहीत.