दिवाळखोरीची नोंद: पत्ता अर्धाच

दिवाळखोरीची कागदपत्रे जिल्हा न्यायालयात मिळतात, हे वृत्तपत्रात छापून आलेल्या एका पत्रातले विधान व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांपुरतेच खरे आहे. त्यांना १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू होतो. मुंबई शहरात मात्र १९०९ च्या नादारी कायद्याखाली हे काम उच्च न्यायालयाकडे असते. महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीची नोंद मात्र २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे असते. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तीचे प्रकरणही १ डिसेंबर २०१९ पासून तिथेच जाते.

नोंद सापडली तरी ती नीट वाचावी लागते. या संहितेचे कलम ७ म्हणजे बँकेसारख्या वित्तीय धनकोचा अर्ज, ९ म्हणजे माल किंवा सेवा पुरवणाऱ्याचा, १० म्हणजे कंपनीचा स्वतःचा. नुसता अर्ज दिसला म्हणून कंपनी बुडाली असे म्हणणे तिच्यावर अन्याय आहे. पाहायचा तो अर्ज स्वीकारल्याचा आदेश. त्याच तारखेपासून कंपनीविरुद्धचे वसुलीचे दावे थांबतात. पाठोपाठ 'नमुना ए'मधली जाहीर सूचना प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रातही येते. दावा दाखल करण्याची शेवटची तारीख तीतच असते. फ्लॅटसाठी पैसे भरलेले ग्राहक २०१८ पासून वित्तीय धनको मानले जातात. त्यांचा दावा 'नमुना सीए'मध्ये जातो.