अज्ञान वारस आणि सज्ञान कारभारी

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा एकेकाळी उभ्या होत्या. आज भिंतीवर त्यांची नावे आणि त्याखाली भग्न पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. तेथील ब्राह्मी लेखात राणी नागनिकेच्या यज्ञांची व दानांची नोंद आहे. पती सातकर्णी याच्या निधनानंतर पुत्र लहान असल्याने तिनेच राज्यकारभार सांभाळला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. वारस अज्ञान असला म्हणून राज्य बुडतेच असे नाही, याची ही साक्ष होय.

मग राज्ये बुडतात ती कशाने? याचे उत्तर नाणेघाटालगतच्या जीवधन किल्ल्यावर सापडते. मलिक अहमदाने १४९० मध्ये जुन्नर परिसरात निजामशाहीची स्थापना केली. त्या राज्याचा आधारस्तंभ मलिक अंबर. परंतु त्याच्याच पुत्राने, फत्तेखानाने, आपल्या धन्याचा घात करून एका बालकास गादीवर बसविले आणि मोगलांशी संधान बांधले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले व तो बालराजा ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेला. तेव्हा शहाजीराजांनी जीवधनावरील मूर्तिजा या निजामशाही वंशातील मुलास पेमगिरीवर गादीवर बसवून तीन वर्षे झुंज दिली. कारभारी कर्तबगार होता, निष्ठेतही उणा नव्हता. पण घर आधीच आतून पोखरले गेले होते. १६३६ मध्ये माहुलीस सारे संपले. ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवरायांचा जन्म झाला, तो किल्लाही मोगलांकडे गेला आणि महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात येऊ शकला नाही. पराक्रमालाही पुसून टाकता येऊ नये, एवढी मोठी ही किंमत होती.

हा दोष केवळ आपल्या मातीचा नव्हे. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर १२८६ मध्ये घोड्यावरून पडून मरण पावला. वारस उरली ती नॉर्वेतील चिमुकली नात मार्गारेट. तिच्या नावाने पालकमंडळाने राज्य चालविले. मात्र १२९० मध्ये तीही वारली आणि गादीवर तेरा जणांनी हक्क सांगितला. निवाड्यासाठी सरदारांनी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला पंच नेमले. पंचाने आधी स्वतःचे अधिराज्य मान्य करून घेतले, १२९२ मध्ये जॉन बॅलियलला राजा ठरविले आणि १२९६ मध्ये स्कॉटलंडवर सैन्य घातले.

आंबेगाव तालुक्यातून घोडेगावमार्गे भीमाशंकरास जाणाऱ्या भाविकांस मंदिराचे शिखर नाना फडणविसांनी बांधल्याचे ठाऊक असते. नानांचे खरे शिखर मात्र राजकारणातले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांस बारभाईंनी चाळीस दिवसांचे असताना पेशवेपदाची वस्त्रे मिळवून दिली. राघोबादादा १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांच्या आश्रयास गेले. तरीही १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले. पाळण्यातल्या पेशव्यामागे कारभारी एकवटले होते, म्हणून हे घडले. पुढे १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांचा आश्रय घेतला. तो पाळण्यातला नव्हता, चांगला सज्ञान होता. पण सोळा वर्षांत पेशवाई बुडाली.

आज गाद्या गेल्या, मताची पेटी आली. तथापि पक्षांत, शिक्षणसंस्थांत, सहकारी कारखान्यांत वारसांचे वाद होतच असतात आणि भाऊबंदकी जिंकण्यासाठी बाहेरच्या बलवंतास बोलावण्याचा मोह सुटलेला नाही. पंच म्हणून आलेला पाहुणा पुढे यजमान होतो, हे स्कॉटलंडने पाहिले, सुरत आणि वसईनेही पाहिले. शिवनेरीवर विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी जन्मस्थानाचे दर्शन घडविल्यावर हा किल्ला १६३६ मध्ये का गेला, हेही सांगावे. वारस कोण, या प्रश्नापेक्षा त्याच्या मागे उभे राहणारे कोण, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.