काचेच्या टाकीतला शेजार



निवृत्तीनंतर घरात मत्स्यालय ठेवावे का, असा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून विचारला जातो. अलीकडे त्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीची, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतील ‘मरीन टँक’ची भर पडली आहे. माझे उत्तर सहसा होकारार्थी असते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या एडवर्ड्स आणि बेक या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या भोजनगृहात मत्स्यालये ठेवून पाहिली. रुग्णांचा आहार वाढला व वजनही वाढले, असे त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. परंतु टाकीत रोज मारामारी चालली असेल आणि दर आठवड्याला एखादा मासा मरत असेल, तर पाहणाऱ्याचे मन रमण्याऐवजी खिन्नच होईल. म्हणून कोणते मासे एकत्र नांदू शकतील, याचा विचार आधी करावा आणि रंगांचा मोह नंतर धरावा.

समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो. शंभर लिटरच्या टाकीत त्याला जायला जागाच नसते. सततच्या भीतीने तो अन्न सोडतो आणि रोगाला बळी पडतो. यास्तव प्रत्येक माशाविषयी तीन गोष्टी विचाराव्यात: पूर्ण वाढ झाल्यावर तो केवढा होतो, जागेवर हक्क सांगून इतरांना हुसकावतो का, आणि त्याचा आहार काय.

या कसोटीवर अनेक देखणे मासे बाद होतात. नातवंडांना चित्रपटामुळे ठाऊक झालेला निळा ‘ब्लू टँग’ दुकानात बोटाएवढा दिसतो. पुढे तो एक फुटापर्यंत वाढतो. ‘डॅमसेल’ स्वस्त आणि काटक असतात, म्हणून नवख्यांच्या हाती प्रथम तेच दिले जातात. पण त्यांतील बहुतेक भांडखोर असतात व मागून येणाऱ्या प्रत्येकाला छळतात. ‘मँडरीन’ अतिशय शांत, परंतु तो सूक्ष्म जिवंत जीवच टिपून खातो आणि लहान टाकीत बहुधा उपाशी मरतो. ‘लायनफिश’ लहान माशांना गिळतो आणि त्याचे काटे विषारी असतात. समुद्रघोडे आणि खडक बनवणारी प्रवाळे यांना तर आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी विकू लागल्यास स्पष्ट नकार द्यावा.

मग ठेवावे काय? शंभर लिटरच्या टाकीत चारांहून अधिक मासे नकोत. मध्यवर्ती जोडी क्लाउनफिशची असावी. हे सारे मासे जन्मतः नर असतात. गटातील सर्वांत प्रबळ मासा पुढे मादी होतो. म्हणून एकाच जातीची दोन पिल्ले, एक थोडे मोठे व एक लहान, अशी घ्यावीत. त्यांची जोडी सहसा जुळते. तिसरे पिल्लू आणल्यास त्याचा छळ होतो. समुद्रफुलाची त्यांना टाकीत गरज नसते. तळाशी राहणारा एक पिवळा ‘वॉचमन गोबी’ आणि मधल्या पाण्यात तरंगणारा एक ‘फायरफिश’ यांच्याबरोबर ती नीट राहतात, कारण प्रत्येकाची जागा वेगळी. फायरफिश घाबरला की उडी मारतो, त्यामुळे टाकीवर जाळीचे झाकण हवेच.

शक्यतो कृत्रिम पैदाशीचे मासे मागावेत. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. असे मासे टाकीला आणि कोरड्या खाद्याला सरावलेले असतात.

टाकी सुरू केल्यावर चार ते सहा आठवडे थांबावे. पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी झाल्यावरच मासे सोडावेत. आधी भित्रा फायरफिश, मग गोबी, आणि हक्क गाजवणारी क्लाउनफिशची जोडी सर्वांत शेवटी. दोन खेपांत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

माशांचे एकमेकांशी जमते तसे टाकीचे आपल्याशीही जमायला हवे. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलोचे ओझे. पाणी बदलताना पाच लिटरचे कॅन वापरावेत आणि सांडलेले पाणी लगेच पुसावे, कारण उतारवयात ओल्या फरशीवरचा एक पाय घसरणे महागात पडते. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना गोडेच पाणी घालावे. मीठ टाकीतच उरलेले असते. हाताला जखम असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर हातमोजे घातल्याशिवाय टाकीत हात घालू नये. या पाण्यातील एका जिवाणूमुळे बोटावर वा हातावर गाठ किंवा आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम होऊ शकते. अशा वेळी ‘घरात मत्स्यालय आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्याविना निदान लांबते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक सूचना. विसराळूपणा असलेली व्यक्ती माशांना दिवसातून चार वेळा खाणे घालते आणि उरलेल्या अन्नाने पाणी बिघडते. रोजचे खाद्य लहान डब्यांत मोजून ठेवावे, मात्र हे डबे औषधांच्या डबीपासून दूर व वेगळ्या आकाराचे असावेत.

शेवटची गोष्ट विचारायला संकोच वाटतो, पण ती टाळू नये. क्लाउनफिश चांगल्या निगेत दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. पंचाहत्तरीत जोडी आणताना, आपण रुग्णालयात असताना आणि पुढेही त्यांना कोण पाहणार, हे घरात बसून ठरवावे. मुलगा, सून, नात किंवा शेजारी, ज्याने होकार दिला असेल त्याला पाणी बदलणे आत्ताच शिकवावे. त्या निमित्ताने आठवड्यातून एकदा कोणीतरी आपल्याजवळ येऊन बसेल, हाही लाभ थोडा नाही.