जीपचा चेहरा आणि जंगलाची वाट

१/ गोल दिवे, उभ्या फटींची जाळी, चौकोनी बांधा. नव्या थारचा ग्राहक गाडीसोबत एक भूतकाळही विकत घेतो. ताडोबाच्या वाटेवर ती दिसली की ‘ही खरी जंगलाची गाडी’ असे कौतुकाने म्हटले जाते. चंद्रपूर आणि गडचिरोलीचा इतिहास या कौतुकाला दुजोरा देत नाही. त्याची ही कारणमीमांसा. 🧵

२/ जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कंपन्यांकडे विचारणा केली. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत नमुना उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या.

३/ त्या जीपमध्ये शोभेसाठी काहीच नव्हते. प्रसिद्ध जाळीचेच पाहा. आरंभी ती लोखंडी पट्ट्या जोडून बनवली जाई. फोर्डने एकाच पत्र्यात फटी पाडून ती घडवली, कारण ते स्वस्त आणि हलके पडत होते. आज जिला वारसा म्हटले जाते, ती मुळात खर्चातली काटकसर होती.

४/ भारतात महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपांची जुळणी मुंबईत सुरू केली. खेड्यापाड्यांत जीप म्हणजे सरकार असे समीकरण रूढ झाले: वनाधिकारी, तहसीलदार, पोलीस, निवडणुकीचा उमेदवार. महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीपा शिकाऱ्यांच्याही हाती पडल्या. रात्री जीपमधून प्रखर दिव्याचा झोत टाकून प्राणी टिपणे सोपे झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीची ही आठवण जाहिरातींत कधीच येत नाही.

५/ नव्या गाडीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. २०२० च्या थारचा तळ जमिनीपासून २२६ मिमी उंच आहे आणि ६५० मिमी पाण्यातून ती जाऊ शकते, असे कंपनी सांगते. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. जुन्या जीपमध्ये धड दरवाजेही नसत. सुरक्षितता आणि भक्कमपणा यांचे आकर्षण रास्तच आहे.

६/ पण जानेवारी २०२३ मध्ये हीच थार केवळ मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या, स्वस्त रूपातही आली. चिखलातून बाहेर काढणारी यंत्रणा वगळली, चेहरा तोच राहिला. ग्राहकाला नेमके काय हवे आहे, हे कंपनीने अचूक ओळखले होते.

७/ या चेहऱ्याची किंमत न्यायाधिकरणातही ठरली आहे. महिंद्रच्या रॉक्सॉर या गाडीचे रूप जीपच्या रूपाशी मिळतेजुळते आहे, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तिच्या विक्रीला मनाई केली. एकेकाळची काटकसर आता कायद्याने राखलेली मालमत्ता झाली आहे.

८/ आता गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा दोन-तृतीयांशाहून अधिक जंगलाने व्यापलेला आहे. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात भामरागडचा जगाशी संपर्क तुटत असे. पर्लकोटा नदीला पूर आला की तो आजही तुटतो. पुलावरून पाणी वाहू लागले की ६५० मिमीचा आकडा निरर्थक ठरतो. तेथे डोंगा लागतो. कधी रुग्णाला खाटेवर उचलून न्यावे लागते.

९/ या भागातील माणसांची जीप वेगळीच आहे: लांब बांध्याची, समोरासमोर बाकांची, बाजाराच्या दिवशी टपापर्यंत भरलेली काळी-पिवळी. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढची सीट दुमडावी लागते. २०२४ च्या पाच दारांच्या रॉक्सने ही अडचण दूर केली, पण कोणासाठी? काळी-पिवळीच्या प्रवाशांसाठी नव्हे. जंगलात प्रत्यक्ष राबलेल्या त्या गाडीच्या रूपाला कोणी वारसा म्हणत नाही.

१०/ आणखी एक आठवण विसरता येत नाही. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेडाजवळ माओवाद्यांच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाले. ज्या जिल्ह्यात वाहनात बसणे हाच कित्येक वर्षे जिवाचा धोका होता, तेथे ‘साहस’ हा शब्द जपून वापरावा.

११/ ‘ऑफ-रोड’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे: रस्ता संपला की कोणाचेच काही नसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे रस्त्यापलीकडची जमीन ग्रामसभेच्या व्यवस्थापनाखाली आहे. तिच्यातील बांबू, मोह आणि तेंदूपान हा कोणाचा तरी वर्षभराचा संसार आहे. चाकाखाली येणारा कोंब रिकाम्या रानातला नसतो.

१२/ रस्ता न सोडणाऱ्या गाड्याही निरुपद्रवी नसतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. जंगल पाहायला गेलेल्यांनीच जंगलाची कोंडी केली होती.

१३/ गाडी हौसेने घ्यावी. हौसेला मोल असते. खडकाळ वाटेवर ती जरूर चालवावी, पण त्यासाठी परवानगीच्या खासगी जागा असतात. राखीव जंगल किंवा ग्रामसभेचे रान नव्हे. आणि चार चाकांना शक्ती देणारी यंत्रणा सर्वप्रथम कोठे हवी, असा प्रश्न असेल, तर उत्तर भामरागड आणि एटापल्लीच्या रुग्णवाहिकांत आहे. त्या गाडीला गोल दिवे नसले तरी चालतील.

(समाप्त)